हप्त्यावरचा मोबाईल

मोबाईलवर निबंध लिहा म्हटलं की तुम्ही 'शाप की वरदान' घेऊन बसता. तो प्रश्न आज बाजूला ठेवू. मला वेगळंच विचारायचं आहे: तुम्ही तासभर रिल्स बघता, तेव्हा पैसे कोण कमावतं?

2006 मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने 'इन्फिनिट स्क्रोल' तयार केलं. त्याआधी पान संपायचं, 'पुढे' असं बटण दाबावं लागायचं. तेवढ्यात माणसाच्या मनात यायचं, पुरे आता, जेवायला जाऊ. ती थांबायची जागाच काढून टाकली गेली. पुढे रास्किन यांनी स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. 'सर, माझ्यात जिद्दच नाही' असं म्हणणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. समोर अख्खी कंपनी तुम्हाला थांबू न देण्यासाठी बसली आहे, एकट्या जिद्दीचं काय चालणार?

आणि या कंपन्यांची कमाई जाहिरातीवर. ज्या बुटांवर तुमचं बोट क्षणभर थांबलं, तेच बूट दोन दिवस तुमच्या मागे लागतात. पूर्वी नोट काढताना हात जड व्हायचा. आता कोड स्कॅन केला, पिन टाकला, झालं! पैसे गेल्याचं जाणवतही नाही.

त्यावर कडी म्हणजे 'नो कॉस्ट ईएमआय'. चोवीस हजारांचा मोबाईल, महिन्याला फक्त दोन हजार. बाबांचा पगार पंधरा हजार असला तरी 'फक्त'च! बिनव्याजी म्हणता? रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते व्याज कधी प्रोसेसिंग फीमध्ये लपतं, कधी रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट बुडते. बँकेने लावलेल्या व्याजाइतकी सूट दुकानदाराने दिली, तरी क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांमध्ये त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. आणि हप्ता चुकला की दंड वेगळा.

म्हणून दिवाळीत मोबाईलच्या दुकानात जाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. रोखीने केवढ्याला? प्रोसेसिंग फी किती? हप्ता चुकला तर काय? मग तिथेच, त्याच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करा. शेकडेवारी शाळेत झाली आहे, बरं का!