बॉनी-क्लाईडचं रील आणि आपल्या कोल्हापूरची पोरं

परवा गंगावेशीत चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकड्यावर कॉलेजची तीन-चार पोरं मोबाईलवर रील बघत होती. जुने काळे-पांढरे फोटो, मागे जोरात गाणं. एक बाई मोटारीच्या बंपरवर पाय ठेवून उभी, कमरेशी पिस्तूल, तोंडात चिरूट. "कसली डेंजर जोडी आहे राव!" एकजण म्हणाला. अमेरिकेतली बॉनी आणि क्लाईड. आपल्याला गप्प बसवत नाही, म्हणून मी विचारलं, "बाळांनो, ह्यांचं पुढं काय झालं माहिती आहे का?" म्हणाले, "काका, पोलिसांनी गोळ्या घातल्या. पण मेली तरी सोबतच मेली ना!"

तिथं जे सांगायचं राहिलं ते इथं लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या जोडीचं. १९३० च्या मंदीतली, टेक्सासमधल्या डॅलसच्या गरीब वस्तीतली ही पोरं. क्लाईड तुरुंगाच्या शेतावर होता, तिथल्या छळाला आणि कामाला कंटाळून त्यानं पायाची दोन बोटं तोडून घेतली. थोड्याच दिवसांत सुटका झाली, पण लंगडणं जन्माचं राहिलं. १९३३ मध्ये मोटारीच्या अपघातात बॉनीचा पाय भाजला. त्यानंतर तिला नीट चालता येत नव्हतं, क्लाईड उचलून न्यायचा. बँका लुटल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, पण त्यांचा हात जास्त करून किराणा दुकानं आणि पेट्रोल पंपांवर पडला. मंदीनं आधीच पिचलेल्या माणसांच्या गल्ल्यावर. टोळीच्या हातून डझनभर माणसं मेली, त्यांत बरेच पोलीस. १ एप्रिल १९३४ ला मारलेल्या दोन पोलिसांपैकी एकाचं लग्न काही दिवसांवर आलं होतं. आणि तो चिरूट? तो फोटोपुरता तोंडात धरलेला. तो रोल पोलिसांच्या हाती लागला, वर्तमानपत्रांनी छापला आणि दंतकथा तयार झाली. २३ मे १९३४ ला दोघं मारली गेली. सोबत मेली हे खरं, पण पुरलं वेगवेगळ्या ठिकाणी. बॉनीच्या आईला एकत्र पुरणं मंजूर नव्हतं.

म्हणजे दंतकथा बनवण्यात आमच्या धंद्याचाही हात आहे. हे मी पत्रकार म्हणून कबूल करतो.

आता आपल्याकडचं. नवरा-बायकोची टोळी आपल्या भागानंही बघितली आहे. फक्त तिला कुणी 'जोडी' म्हटलं नाही. अंजनाबाई गावित, तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित, आणि रेणुकाचा नवरा किरण शिंदे. नाव काढलं तरी चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या अंगावर काटा येतो. १९९६ च्या शेवटी ही मंडळी पकडली गेली तेव्हा मी शाळेत होतो. अंबाबाईच्या देवळात जाताना आई मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचा. त्या वर्षी सगळ्याच आया तसं धरत होत्या.

यांचा धंदा पाकीटमारीचा. एकदा चोरी करताना पकडल्यावर कडेवरच्या लेकराकडे बघून लोकांनी सोडून दिलं. तिथून डोक्यात आलं, की मूल जवळ असलं की गर्दी दया दाखवते. मग १९९० पासून दुसऱ्यांची पोरं पळवायला सुरुवात झाली. पहिलं पोर आपल्याच कोल्हापुरातलं, एका भीक मागणाऱ्या बाईचं. पुढं अंबाबाईच्या देवळाच्या गर्दीत चोरी अंगाशी आली, तेव्हा लोकांचं लक्ष उडवायला अंजनाबाईनं त्याच पोराला जमिनीवर आपटलं. पोर रक्तबंबाळ झालं, गर्दी हळहळली आणि त्या निसटल्या. नंतर रडणं थांबेना म्हणून त्या लेकराला संपवलं.

देवळात त्या वेळी शंभर माणसं तरी असतील. सगळ्यांना दया आली. पण हे मूल कुणाचं, हे एकानंही विचारलं नाही.

आजही रीलवाले कुणी चाळीस खून सांगतात, कुणी त्याहून जास्त. कोर्टापुढं आलं ते असं: तेरा मुलांचं अपहरण आणि त्यांतल्या नऊ जणांचे खून. पुराव्यात टिकले ते त्याहून कमी. उच्च न्यायालयानं पाच खून कायम केले. पाच काय कमी आहेत? आकडा फुगवायची गरज का पडते आपल्याला?

आणखी एक. रीलमध्ये कायम 'दोन बहिणी' असतात, 'राक्षसिणी' असतात. किरण शिंदे कुठंच नसतो. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला, ते कायद्याला धरून झालं. पण गावच्या आठवणीतूनही त्याला माफी मिळाली, ती कुणी दिली? बाईनं केलं की ती चेटकीण, पुरुष बरोबर असला की तो नुसता 'नवरा'. ह्या हिशोबानं आपल्याला सत्य कळत नाही, मंडळी.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पोरं सहा वर्षं गायब होत होती. गर्दीतली, बसस्टँडवरची, गरिबाघरची. टोळी सापडली ती त्या पोरांच्या तपासातून नाही. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला होता. त्या घरातली मुलगी १९९५ मध्ये पळवून मारली, आणि दुसरीवरही डोळा गेला तेव्हा त्या आईनं संशयितांची नावं घेऊन तक्रार केली. तिला नावं माहिती होती म्हणून तपास पुढं सरकला. भीक मागणाऱ्या आईनं कुणाचं नाव घ्यायचं होतं?

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. अंजनाबाई खटल्याआधीच कोठडीत मेली. जून २००१ मध्ये कोल्हापूर सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ ला उच्च न्यायालयानं आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. ह्या उशिरामुळं १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. तेव्हा लोकांनी कोर्टाला शिव्या दिल्या. माझ्या मते पत्ता चुकला. गुन्हा किती अमानुष हे कोर्टानंही सांगितलं होतं. ढिलाई सरकारी फायलीची होती. फाशी हवी की नको हा वाद वेगळा, पण त्या आयांनाही पंचवीस वर्षं ताटकळत ठेवलं, त्याचा जाब कुणाला विचारला आपण?

म्हणून त्या पोरांना आणि तुम्हालाही सांगणं एवढंच. रील बघा, पण गुन्हेगाराच्या स्टाईलवर थांबू नका. मेलेलं माणूस कोण होतं तेवढं एकदा शोधा.

आणि एक कामाचं. मूल हरवलं तर 'चोवीस तास थांबा' असा कुठलाही कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणं हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण झालंय असं धरूनच तपास सुरू करायचा. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. नवरात्रात देवळाबाहेर, स्टँडवर, कुणाच्या कडेवर निपचित पडलेलं, गुंगीत असल्यासारखं लेकरू दिसलं, तर नुसतं हळहळून नाणं टाकू नका. फोन लावा. शंका खोटी ठरली तर ठरू दे, दोन मिनिटं गेली एवढंच.

त्या दिवशी देवळात एकानं जरी विचारलं असतं, "बाई, हे पोर कुणाचं?" तर कदाचित पुढची पोरं आज तुमच्या-माझ्यासारखी संसाराला लागली असती.