साल गेली, आता जनुकेही जाणार?

आमच्या बेव्हर्ली पार्कमध्ये सज्जासज्जांतून सदाफुली फुललेली दिसते. पूजेला चार फुले मिळावीत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. कर्करोगावरील विनब्लास्टिन हे औषध या झुडपाच्या पानांतून मिळते, असे सांगितले की एखादे सद्गृहस्थ हमखास म्हणतात, "आपल्या ऋषिमुनींना हे ठाऊकच होते!" नव्हते. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यातील हे द्रव्य १९५८ च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी वेगळे केले. आपल्या परंपरेला खोट्या अभिमानाची गरज नाही.

या द्रव्याच्या एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात. ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून निघून तीसेक पायऱ्यांनी ही वनस्पती ते घडवते. प्रत्येक पायरीवर वेगळे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते आणि त्या विकराची कृती जनुकात लिहिलेली असते. २०२२ साली अमेरिका व डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी वनस्पतींची अशी ३४ जनुके यीस्टच्या पेशीत बसवली. यीस्टने औषधाचे दोन्ही घटक तयार केले. ते शास्त्रज्ञांनी मग रासायनिक क्रियेने जोडले. मळा नको, तोडणी नको!

हे आपल्याला का झोंबावे? कारण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नरक्या आहे. फुलांच्या दुर्गंधीमुळे नावाने बदनाम झालेल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडते, आणि त्याच्या घडणीची सुरुवातही ट्रिप्टोफॅनपासूनच होते. हे द्रव्य प्रथम १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. प्रयोगशाळा मात्र अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाची. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते नरक्यातही दाखवून दिले. पुढे काय झाले? झाडे मुळापासून तुटली, पोती भरभरून चोरटा माल बाहेर गेला. कॅम्प्टोथेसिनपासून बनलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. आपल्या वाट्याला आले ते बुंधे.

हळदीचे पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली १९९७ साली रद्द करून घेतले, त्याचा आनंद रास्तच आहे. पण त्या विजयाने आपण सुस्तावलो. जुने ज्ञान आपले होते हे सिद्ध केल्याने जुने पेटंट पडते. जनुकांच्या नव्या जुळणीपुढे तो पुरावा निरुपयोगी आहे. २००२ चा जैवविविधता कायदाही मुख्यतः हाती लागणाऱ्या मालाचा विचार करतो. सालीचे पोते तपासणी नाक्यावर पकडता येते. संगणकावरून जाणारी जनुकांची अक्षरमाला कोण पकडणार? २०२५ च्या फेब्रुवारीत 'काली निधी' सुरू झाला, पण त्यात पैसे भरणे ऐच्छिक. कंपन्यांच्या औदार्यावर विसंबणे याला धोरण म्हणत नाहीत.

आपल्याकडे बुद्धी नाही, असे कोणी म्हणू नये. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या मुळांचे संवर्धन करून हे द्रव्य मिळवल्याचे निबंध २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. जम्मूच्या प्रयोगशाळेने याच झाडाच्या आत राहणारी, तेच द्रव्य बनवणारी बुरशी २००५ साली नोंदवली. त्या निबंधांना पुढे किती पैसा दिला आणि कोणत्या कारखान्याने हात दिला, याचा हिशेब केंद्राच्या व राज्याच्या संबंधित खात्यांनी एकदा जाहीर करावा.