सर्व्हर नको म्हणे!

परवा घाटकोपरला मावशीकडे पुन्हा तोच वाद. मी मुलुंडला, ती घाटकोपरला, मध्ये फक्त चार स्टेशनं. पण आमच्या घरगुती ग्रुपची किल्ली मात्र परक्या कंपनीच्या खिशात! "फुकट चाललंय ना, मग तुला काय खुपतंय?" इति मावशी. अगं मावशी, ऑर्कुटही फुकटच होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का?

यावर तिच्या इंजिनियर नातवाचा तोडगा: वेबआरटीसी. ब्राउझर थेट ब्राउझरशी बोलणार, घरच्यांचं नेटवर्क घरच्यांपुरतं, सर्व्हर नकोच! गुगलने २०११ मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं, २०२१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने प्रमाण मानलं. तंत्र झकासच आहे. पण "सर्व्हर नकोच" ही चक्क थाप आहे हो. दोन ब्राउझरची पहिली ओळख करून द्यायला कुणीतरी मध्यस्थ लागतोच. राउटरमागे बसलेल्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो, तो सांगायला स्टन सर्व्हर. तरीही वाट सापडली नाही तर सगळी ये-जा टर्न सर्व्हरवरून. आणि मावशीने टॅब बंद केला की माझा निरोप ठेवायचा कुठे?

अरे बाळा, चाळीत घराला कुलूप दिसलं की निरोप शेजारच्या काकूंकडे ठेवायचे. सर्व्हर म्हणजे त्या काकूच. काकूच नकोत हा हट्ट कशाला? फक्त त्या आपल्या ओळखीच्या असाव्यात. माझा जुना डेस्कटॉप माळ्यावर धूळ खातोय, त्याला काकू करू. विजेचं अर्धं बिल मावशीने भरावं!