खालच्या लीगमधल्या पोराच्या पाठीशी उभे राहा

शेंदूरजनाघाटच्या आईबापांनो, तुमचं पोरगं बाहेरगावच्या एखाद्या लहान क्लबाकडून फुटबॉल खेळत असेल, दर हंगामाला गाव बदलत असेल, आणि तरी टीव्हीवर दिसत नसेल, तर ते वाया गेलं असं समजू नका. त्याचे कष्ट खरे आहेत.

असा खेळाडू क्लब बदलतो तो चंचल म्हणून नव्हे. करार वर्ष-दोन वर्षांचे असतात आणि कधी क्लबच बंद पडतो. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ मोडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यालाही पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा अशी फिरती करावी लागली.

इंग्लंडच्या रिकी लँबर्टला लिव्हरपूलनं पंधराव्या वर्षी सोडलं, पुढे ब्लॅकपूलनंही. तेव्हा पोटासाठी तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायचा. मग मॅक्लेसफिल्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असं करत तो खालच्या लीगमध्ये गोल करत राहिला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो देशाकडून पहिल्यांदा उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध विजयी गोल त्यानंच केला. संत्र्याच्या कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी कोणी झाड उपटत नाही.

पण सगळ्यांचा लँबर्ट होत नाही. म्हणून खेळासोबत पुढची सोयही आत्तापासून करा.

करार तोंडी नको, लेखी घ्या. पगार किती, कोणत्या तारखेला, आणि गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च कोणाचा, हे त्यात आहे का ते बघा. ‘ट्रायल’ला घेतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या माणसाला घराबाहेरूनच परत पाठवा. हंगामाच्या पगारातून थोडं बाजूला टाका, कारण वर्षातले बरेच महिने सामने नसतात.

शिक्षण सोडू देऊ नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात आणि त्यांची पडताळणी करून घ्यावी लागते. कोणतं प्रमाणपत्र चालतं, हे अमरावतीच्या क्रीडा कार्यालयात आधीच विचारा. सगळे कागद एका फाइलीत नीट लावून ठेवा. जमेल तेव्हा त्याला प्रशिक्षकाचा किंवा पंचाचा कोर्स करू द्या. पाय थकले तरी खेळाची जाण कामी येते.

आणि गावकऱ्यांनो, पोरगं सुटीत घरी आलं की “अजून मोठ्या टीममध्ये नाही का गेला?” असं विचारू नका. यंदा किती सामने खेळला, दुखापत बरी झाली का, हे विचारा. शाळांनी त्याला मैदानावर बोलवावं आणि पोरापोरींना त्याच्याकडून शिकू द्यावं. त्या कामाचं मानधनही द्यावं.