अख्खा भोपळा

हुबळीच्या जनता बाजारात आणि धारवाडच्या सुपर मार्केटात लाल भोपळ्यांचे ढीग आजही लागतात. परंतु त्यांतला अख्खा भोपळा उचलून घरची वाट धरणारा गृहस्थ क्वचितच दृष्टीस पडतो. पाव किलोची फाक मागितली जाते, ती पिशवीत पडते आणि व्यवहार संपतो. आपल्याकडेही निराळे काही नाही. घाट उतरून येणाऱ्या भाजीवर पोसलेल्या गोव्याच्या बाजारांत भोपळा, म्हणजे आपल्या बोलीतली दुदी, आता फाकेनेच घेतली जाते.

तिघांच्या बिऱ्हाडाने पाच किलोच्या भोपळ्याचे करायचे काय, हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्तच आहे. तथापि भोपळा पूर्वीही एका घराचा नव्हता, ही गोष्ट विसरली जाते. देठ शाबूत ठेवून कोरड्या जागी ठेवलेला पक्व भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो. एकदा चिरला की चार दिवसांत आतून बुळबुळीत होऊ लागतो. म्हणून भोपळा केव्हा फोडायचा हा वाड्याचा निर्णय असे. ज्या घरी फुटला त्या घरातून शेजारीपाजारी फोडी जात, आणि पुढच्या खेपेस त्यांच्याकडून येत. शीतकपाट आले आणि ही देवघेव अनावश्यक ठरली. शेजाऱ्याचे दार न वाजवता संसार चालावा यालाच आपण सोय म्हणू लागलो आहोत. आम्हांला ती सोय फार महाग वाटते.

ती पैशानेही महागच आहे. फाका विकणारा दुकानदार न खपलेल्या भागाची नासाडी फाकेच्याच दरात धरणार. त्यात त्याचा दोष नाही. शिवाय फाकेबरोबर बिया बहुधा येत नाहीत, आल्या तरी केरात जातात. पुढे त्याच बिया, सोललेल्या आणि चकचकीत पाकिटात भरलेल्या, आरोग्याच्या नावाखाली आपण भारी किमतीने विकत आणतो! अख्ख्या भोपळ्यातल्या बिया धुऊन, उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजल्या की झाले. सालीची तीळ-मिरची घालून चटणी होते. कोवळ्या भागाची भाजी, जून गराचे भरीत, गोडसर भागाचे घारगे, आणि उरलेल्या फोडी आपल्या खतखत्यात. हे सारे एकाच दिवशी एकाच घरात होणे नाही, हेही उघड आहे.

घारग्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. धारवाडकडे त्यांना गारिगे म्हणतात. भोपळा किसून गुळात शिजवायचा, पाण्याचा थेंब न घालता त्यात मावेल तेवढे पीठ मळायचे, वर खसखस दाबून तळायचे. घारगे आणि गारिगे यांतला फरक उच्चारापुरताच आहे. १९५६ मध्ये धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण चुलीवरची कढई कुठे गेली नाही. ज्या धारवाडात घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, तिथे एका पक्वान्नाने दोन भाषांत नांदावे यात नवल कसले? नवल आहे ते भोपळ्याचे. मूळचा अमेरिका खंडातला हा परदेशी पाहुणा आपल्याकडे असा रुळला की श्राद्धाच्या पानावर त्याची भाजी असते आणि अनेक घरांत तो उपवासालाही चालतो. आपला कांदा मात्र दाराबाहेरच!

राहिला चिरण्याचा प्रश्न. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणजे हाडवैर, हे तर म्हणीलाच आले आहे. त्यात बाईने अख्खा भोपळा किंवा कोहळा फोडू नये, पहिली चीर पुरुषाने द्यावी, अशी चाल घाटावर आणि किनाऱ्यावर दोन्हीकडे आढळते. कोहळा हा बळीच्या ठिकाणी मानलेला, त्यावरून ती आली असावी. बाईच्या हातून फोडल्यास घराला काही बाधा होते, ही समजूत आम्ही मानत नाही. जिच्या हाती सारे स्वयंपाकघर, तिला एवढ्या एकाच फळाची बंदी का? परंतु जुने कवच खरोखरच कठीण असते, कोयता निसटला तर बोट जाते, आणि एकट्या बाईवर ते काम ढकलणे हेही बरे नव्हे. तेव्हा चाल पाळायचीच असेल तर पुरुषांनी ती पुरती पाळावी. एक चीर देऊन पुन्हा वर्तमानपत्राकडे (ते आमचे का असेना) वळू नये. बिया काढाव्यात, साल सोलावी, फोडी कराव्यात.

पितृपंधरवड्यात आणि नवरात्रात भोपळ्याची मागणी वाढते. हुबळीच्या नव्या वसाहतींत काय किंवा मडगावच्या इमारतींत काय, एका जिन्यावरच्या चार बिऱ्हाडांनी मिळून एक भोपळा आणायला हरकत नाही. घेताना देठ वाळलेला आणि साल नखाने न खरवडली जाणारी पाहावी. चिरणे कोणाकडे, ते वर सांगितलेच आहे.