फळीवरचा पाठ

जुने सर्फबोर्ड जमवणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बोर्ड हाती आला तर तो घासूनपुसून नव्यासारखा करावा, की आहे तसा राहू द्यावा? वरकरणी हा सवड आणि पैसा असणाऱ्यांचा प्रश्न. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. आमच्या मते हा वाद मुळात पाठचिकित्सेचा आहे.

लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याची कला हवाई बेटांवर परक्यांची जहाजे येण्यापूर्वीच परिपक्व झाली होती. तिची एक प्रारंभीची लेखी नोंद कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग याने 1779 साली केली. पुढे मार्क ट्वेनने 1866 साली स्वतः फळीवर चढण्याचा प्रयत्न केला आणि त्याची फजिती झाली. 1907 साली जॅक लंडनने या खेळावर लेख लिहून तो अमेरिकेच्या वाचकांपर्यंत नेला. ही सारी पाहुण्यांची साक्ष. डेव्हिड मालोसारख्या हवाईयन लेखकांचे लेखन आहे, पण आपल्याकडचे वाचक ट्वेनपाशीच थांबतात. म्हणूनच प्रत्यक्ष फळ्यांचे मोल आम्हांस अधिक वाटते. लांबलचक, जड ‘ओलो’ फळी सरदारांची. पातळ, आखूड ‘अलाइआ’ मात्र इतरांनाही मोकळी. विलीविलीचे हलके लाकूड की कोआचे टणक, यावरूनही काही वाचता येते. वापर झाल्यावर फळी वाळवावी, तिला तेल चोळावे, कापा नावाच्या सालीच्या वस्त्रात गुंडाळून घरात ठेवावी, अशी रीत होती. जतन करणे ही संग्राहकांनी मागाहून काढलेली गोष्ट नव्हे. ते वापराचेच अंग होते.

होनोलुलू येथील बिशप संग्रहालयाची स्थापना 1889 सालची. तेथे सरदार पाकी याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओलो फळ्या आहेत. संग्रहालय ज्यांच्या स्मरणार्थ उभे राहिले त्या बर्नीस पौआही यांचे हे वडील. 1920च्या दशकात टॉम ब्लेक नावाच्या मिलवॉकीच्या तरुणाने तेथील जुन्या फळ्या दुरुस्त केल्या आणि मग ओलोची प्रतिकृती करावयास घेतली. ती हलकी व्हावी म्हणून त्याने लाकडात असंख्य भोके पाडली, ती वाळू दिली, आणि वरून पातळ लाकडाने बुजवली. त्यातूनच पोकळ बोर्ड जन्मास आला. 1932 साली त्याला पेटंट मिळाले. 1935 साली ब्लेकनेच बोर्डाच्या बुडाशी सुकाणूसारखे पाते बसवले. संग्रहालयातील वस्तू मृत असते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. ब्लेकने प्रयोग केला तो प्रतिकृतीवर, हेही ध्यानात घ्यावे.

फोम आला तसा हा प्रश्न चिघळला. 1950च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लाकडाची जागा पॉलियुरेथेन फोम आणि फायबरग्लासने घेतली. 1967 नंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत नऊ-दहा फुटी बोर्ड मागे पडून सहा-सात फुटी बोर्डांची लाट आली. कित्येकांनी आपल्या लांब बोर्डाचे फायबरग्लास सोलून काढले आणि आतल्या फोममधून आखूड बोर्ड कोरला. हस्तलिखिताचा कागद खरवडून त्यावर दुसरा ग्रंथ लिहावा, तसेच हे. जे वाचले ते आज भिंतीवर टांगले जातात आणि लिलावात चढ्या भावाने जातात.

मग दुरुस्ती करणारा येतो. उन्हाने पिवळा पडलेला फोम तो अपारदर्शक रंगाखाली दडवतो, ठेचा भरतो, पाते बदलतो. कारागिराने फोमवर पेन्सिलीने केलेली सही बहुधा काचेच्या थराखाली असते. रंग चढला की तीही गेली. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या उपकाराबद्दल शंका नाही, परंतु त्यापूर्वीच्या प्रतींसाठी संशोधक अजूनही हळहळतात. एकनाथांनी निदान आपण काय केले ते सांगून ठेवले. बोर्डाची विक्री करणाऱ्यांत तेवढा प्रामाणिकपणा सर्वत्र आढळत नाही.

याउलट, काहीच करू नये हा हट्टही आम्हांस मान्य नाही. चिरेतून पाणी शिरून आतला फोम तपकिरी पडत असेल, तर ती चीर बुजवलीच पाहिजे. फक्त नवे काम नवे म्हणून दिसावे, आणि त्याची नोंद राहावी. मूळ कारागिराने आपलाच जुना नमुना उतारवयात पुन्हा घडवला, तर ती खोटी वस्तू नव्हे. तिच्यावर खरे साल घातले की पुरे. लाटेवर न्यावयाची ती फळी तीच.

हवाईच्या तीन राजपुत्रांनी 1885 साली कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे, तिथल्याच रेडवुडच्या फळ्यांवर लाटा झेलल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगची ही पहिली ज्ञात घटना मानली जाते. आठ वर्षांनी हवाईची राजसत्ता उलथवली गेली, 1898 मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, आणि तो खेळ कॅलिफोर्नियाचा म्हणून जगभर मिरवू लागला. त्या राजपुत्रांच्या मानल्या जाणाऱ्या दोन फळ्या बिशप संग्रहालयात आहेत. 2015 साली त्या सांताक्रूझला प्रदर्शनासाठी नेण्यात आल्या. हवाईयन घडणीच्या त्या फळ्यांचे लाकूड कॅलिफोर्नियाचे आहे. मधल्या काळात कुणा हौशी माणसाने त्यांच्यावर रंगाचे दोन हात फिरवले असते, तर ते रेडवुड आहे हे कुणाच्या नजरेस आले असते?