एचडी आलं, पण मराठीत कधी?

जुलैत भंडारदऱ्याला गेलात तर हॉटेलातला टीव्ही बघा. कळसूबाईकडून पाऊस कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात, मग थेट ‘नो सिग्नल’. जुन्या अँटेनावर निदान मुंग्या तरी दिसायच्या! डिशचे केयू बँडचे सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतात, त्याला फारसा इलाज नाही.

तरी डिशचे उपकार मानायलाच हवेत. २०१० मध्ये आपल्याकडे डीटीएचवर एचडी आलं, तेव्हा केबल न पोचलेल्या वाडीलाही ते दादरइतकंच उपलब्ध होतं. त्याच ऑक्टोबरात दूरदर्शनने दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवली. साध्या चित्राच्या पाचपट पिक्सेल!

मग अडलं कुठे? नवा टीव्ही, नवा बॉक्स, पॅकचे जादा पैसे. आणि एवढं करून दिसणार काय, तर क्रिकेट, इंग्रजी चॅनेल, आफ्रिकेतले सिंह. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी एचडीत आले २०१६ मध्ये. म्हणजे तुमच्या आईची मालिका सहा वर्षं रांगेत. जादा पैसे मोजणारा प्रेक्षक मराठी बघत नाही, असंच चॅनेलवाल्यांनी धरलेलं दिसतं.

आता दुकानात फोरके टीव्ही आहेत. मराठी चॅनेल अजून एचडीतच, तेही पाऊस नसेल तर.